आइस्क्रीमच्या पॉटातली भेंडी

आजारी झाड बघून ज्याचा चेहरा खुलतो असा माणूस देवाने एकच घडवला, आणि नेमका माझा धाकटा दीर करून कोल्हापुरात पाठवला. भावजी भेंडीच्या पिवळ्या रोगाचे अभ्यासक. हिरव्यागार शेताकडे ते ढुंकून बघायचे नाहीत, पण पानाच्या शिरा पिवळ्या दिसल्या की म्हणायचे, "वा, काय देखणं!" गडहिंग्लजच्या एका शेतकऱ्याने त्यावर खुरपंच उगारलं. "माझं पीक गेलं आन् पावणं, तुमी वाहवा करताय व्हय?" भावजींनी बांधावर बसून त्याला समजावलं. म्हणे या रोगाचा विषाणू गावोगावी जरासा वेगळा असतो. त्याच्या जनुकांचा तुकडा साध्या जिवाणूत बसवायचा, जिवाणू वाढले की तुकड्याच्या हुबेहूब नकला मिळतात, त्या ताडून फरक शोधायचा. शेतकऱ्याने खुरपं ठेवलं आणि पिशवीभर रोगट पानं दिली. ती आली आमच्या फ्रीजमध्ये. मी तेव्हा पदवीधर, म्हणजे अतिशहाणी; रोज फ्रीजला धूप दाखवायचे.

नव्वदच्या दशकाच्या शेवटाकडे एका मे महिन्यात शाहूवाडीहून मुलीकडचे भावजींना बघायला आले. मुलगी धीट, तीही सोबत. मी हापूसच्या आइस्क्रीमसाठी लाकडी पॉट मांडलेला: मधल्या डब्यात आमरस, भोवती बर्फ-मीठ, वर डबा फिरवायचं हँडल. तेवढ्यात भावजी धापा टाकत आले. प्रयोगशाळेचा ट्रान्सफॉर्मर जळालेला, तिथला फ्रीजर वितळत चाललेला; आमच्या घरीही वीज नव्हती. सगळ्या गावांच्या नकला बाळगणारे जिवाणू त्यात, ते मेले की वर्षानुवर्षांची मेहनत पाण्यात. पाहुण्यांना नमस्कारही न करता त्यांनी पॉटातला आमरस पातेल्यात ओतला, रिकाम्या डब्यात पिशवीत बांधून आणलेल्या जिवाणूंच्या नळ्या ठेवल्या आणि भोवती बर्फ-मीठ लोटलं. मुलीचे वडील उठून चपला शोधू लागले. आणि मी? आपली हँडल फिरवतेय. पॉट मांडला की फिरवायचा, एवढंच मला ठाऊक.

मुलीने माझा हात धरला. "वहिनी, फिरवू नका की. नळ्या फुटतील. जाडं मीठ हाय काय अजून?" मग वडिलांकडे वळून, "आबा, बसा. आमरस तर मिळणार हाय."

तिने ओलं गोणपाट पॉटावर दाबून धरलं आणि विचारलं, कुठल्या नळीत कुठलं गाव? भावजी वीज येईपर्यंत सांगत राहिले. रोगट पानाखेरीज दुसऱ्या कशाकडे त्यांना असं बघताना मी तेव्हाच पाहिलं.

नळ्या वाचल्या, लग्न ठरलं, आणि पुढे दोघं नळ्यांसकट लांबच्या विद्यापीठात गेली. पॉट माळ्यावर आहे. नातवंडांना दुकानातलं आइस्क्रीम लागतं.

परसातली एक भेंडी यंदा पिवळी पडलीय. सून उपटायला निघाली होती, मी म्हटलं, राहू दे. भावजी मे महिन्यात येतो म्हणालेत. दरवर्षी म्हणतात. पण आलेच, तर घरात काहीतरी चांगलंचुंगलं नको?