झडतीला लागणारा वेळ

गल्लीत तिला सगळे झडतीबाई म्हणत, आणि ते तिच्या कानावर जातं हे ठाऊक असूनही म्हणत. तिची नोकरीच तशी होती. शहराच्या कडेला, उंच भिंतीमागे, देशाच्या सुरक्षेची यंत्रं बनवणारी एक प्रयोगशाळा होती. तिच्या फाटकावर आत-बाहेर करणाऱ्या बायकांची झडती घ्यायचं काम ती लग्नाआधीपासून करत होती. खांदे, बाह्या, कंबर, खिसे, चपलांचे तळवे. समोर शास्त्रज्ञ असो की झाडूवाली, हात सारखाच फिरायचा. एकदा खुद्द संचालकबाई फोन पर्समध्ये विसरून आत निघाल्या होत्या. हिनं तो काढून घेतला, फोन जमा केल्याचा बिल्ला त्यांच्या हातावर ठेवला आणि पुढचीला हाक मारली.

आता दिवसभर संशय घ्यायचाच पगार मिळत असेल, तर घरी आल्यावर तो काय खुंटीला टांगून ठेवायचा? भाजीवाल्याच्या तराजूखाली ती बोट घालून बघे. वाढदिवसाला आलेला पुष्पगुच्छ आधी उलटा करून झटके. तिचा नवरा सलूनमध्ये कात्री चालवायचा आणि गिऱ्हाइकांना सांगायचा, "आमच्या हिच्या अंगात संशय नाही हो, संशयाच्या अंगात ही आहे." दोघांनीही संशय घेत बसायचं म्हटलं तर स्वयंपाक कोण करणार, असा त्याचा सवाल होता, म्हणून त्यानं ते खातं पूर्णपणे बायकोकडे सोडून दिलं होतं.

त्यांची एकुलती एक लेक इंजिनिअरिंगला होती. उन्हाळ्याच्या सुट्टीच्या तोंडावर ती नाचतच घरी आली. तिला फेलोशिप मिळाली होती. सुट्टीभर राष्ट्रीय सुरक्षेच्या तंत्रज्ञानावर काम करायचं, मोठ्या माणसांच्या हाताखाली शिकायचं, आणि वर दरमहा पैसे मिळणार. बापानं तिची पाठ थोपटली. आईच्या मनात मात्र शंकेची पाल चुकचुकली. शिकणाऱ्यानं पैसे भरायचे, ही जगाची रीत. इथं शिकवणाराच पैसे देतोय म्हणजे नक्की कुठंतरी पाणी मुरतंय. मागे एकदा पोरगी असल्याच एका चकचकीत ट्रेनिंगला भुलली होती आणि महिन्याभरात त्या ऑफिसला टाळं लागलं होतं. दुधानं तोंड पोळलेलं, आता ताक फुंकून पिणं आलंच. तिनं चष्मा लावून जागेचा पत्ता विचारला, आणि ऐकून चष्मा काढून पुसायलाच लागली. पत्ता तिच्याच फाटकाचा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती सुपरवायझरपुढं जाऊन उभी राहिली. माझी लेक येणार आहे, तिची झडती मी घेणं बरोबर नाही, मला बॅगांच्या मशीनवर टाका, असं तिनं सांगितलं. सुपरवायझर हसला. दुसरी बाई बाळंतपणाच्या रजेवर, बायकांची रांग कोण बघणार? "बाई, तुमच्यावर संशय घेणारा माणूस अजून जन्माला यायचाय," असं म्हणून त्यानं विषय मिटवला. मग तिनं घरी लेकीला बजावलं, की फाटकावर मी तुझी आई नाही आणि तू माझी कुणी नाहीस. तुझ्याजवळ नको ते काही सापडलं, तर मी वर कळवणार. तुझी फेलोशिप गेली तरी कळवणार.

लेक म्हणाली, "मला काय ते नवीन आहे?"

पहिले काही दिवस बरे गेले. पोरगी रांगेत उभी राहायची, हात पसरायची, आई हात फिरवायची, सोडायची. आतलं काम घरी बोलायचं नाही असा नियम होता. नियम म्हटल्यावर आईनंही विचारलं नाही. पण मग पोरगी बदलली. जेवताना भलतीकडेच बघायला लागली. बाप काही गंमत बोलला तर उशिरा हसायची. फाटकावर तर तिनं आईच्या नजरेला नजर देणंच सोडलं, आणि संध्याकाळी रांग ओसरेपर्यंत आतच रेंगाळायला लागली. नजर चुकवणारा माणूस म्हणजे काय, हे झडतीबाईला कुणी शिकवायची गरज नव्हती. नोकरीभर तिनं तेच ओळखलं होतं.

आता तिला घास गोड लागेना. पोरगी काही बाहेर नेतेय का? कुणी तिला नादी लावलंय का? असल्या जागी कोवळ्या पोरांना गोड बोलून गळाला लावणारे असतात, हे तिनं ऐकलं होतं. फाटकावर तिचा हात लेकीच्या अंगावर जास्तच कसून फिरायला लागला. कॉलर, शिवणी, केसांचा अंबाडा, बुटांच्या पट्ट्या. काही सापडायचं नाही. सापडलं नाही की जिवाला हायसं वाटायचं, आणि पुढच्या क्षणी वाटायचं, आपल्याच नजरेतून सुटलं असणार. एका रविवारी लेक न्हाणीघरातून बाहेर आली तर आई तिच्या उशीचा अभ्रा उलटा करून बसलेली.

"सापडलं काही?" लेकीनं विचारलं.

पोरीनं अभ्रा घेतला, उशीला चढवला आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं. नवऱ्यानं पहिल्यांदाच गंमत केली नाही.

त्या आठवड्यात सुपरवायझरनं तिला बोलावून घेतलं. त्याच्या टेबलावर स्क्रीन होता आणि तोंडावर अवघडलेपण. उन्हाळ्यात फेलोशिपवर आलेल्या पोरांनी फाटकासाठी एक प्रोग्राम बनवला होता. वरचा कॅमेरा झडत्या बघतो आणि कुठली झडती फार घाईत झाली, कुठली फार लांबली, ते दाखवतो. घाई झाली तर साटंलोटं असू शकतं, लांबली तर कुणी कुणाला छळत असेल. एवढ्या दिवसांच्या झडत्यांमध्ये झडतीबाईचा हात घड्याळासारखा होता. फक्त एका मुलीच्या वेळी, अगदी पहिल्या दिवसापासून, दुप्पट वेळ, आणि अलीकडं तर तिप्पट.

"मुलगी कुठली ते मला कळतंय," तो म्हणाला. "कॅमेऱ्याची चूक म्हणून लिहून टाकतो. नवीनच आहे, चुकू शकतो."

तिनं स्क्रीनकडं पाहिलं. पोरांनी चेहरे पुसून टाकले होते. एक बिनचेहऱ्याची बाई एका बिनचेहऱ्याच्या मुलीच्या खांद्यांवरून हात फिरवत होती, फिरवतच होती. आपण इतका वेळ घेतो हे तिला स्वतःलाच ठाऊक नव्हतं. झडतीबाईची झडती झाली होती, आणि सापडलंही होतं.

"हे शोधलं कुणी?" तिनं विचारलं.

सुपरवायझरनं खिडकीबाहेर बघितलं. तेवढ्यानं तिला कळलं.

"कॅमेरा चुकला नाही," ती म्हणाली. "आहे तसं लिहा."

त्याच दिवशी तिला रांगेवरून काढून बॅगांच्या मशीनवर बसवलं. बायकांच्या रांगेला दुसऱ्या फाटकावरची एक नवखी मुलगी आणली. इतक्या वर्षांची जागा अशी गेली. बॅगा मशीनमधून सरकत राहिल्या आणि तिला राग यायचा होता, तो काही येईना. संध्याकाळी लेकीची बॅग आली. डबा, छत्री, कंगवा. तिनं ती जाऊ दिली. पलीकडं नवख्या मुलीनं लेकीला चुटकीसरशी मोकळं केलं होतं.

घरी लेक तिच्या आधी पोचली होती. आई चपला काढेपर्यंत तिला धीर निघाला नाही.

"मला आधी कळलंच नाही आई," ती म्हणाली. "चेहरे पुसलेले असतात. पण ती बाई त्या एकाच मुलीला सोडताना पाठीवर दोनदा थोपटते. दुसऱ्या कुणालाच नाही. मग कळलं कोण ते. सांगायची सोय नाही, लपवायची सोय नाही. गाळून टाकावंसं वाटलं. पण मग तूच मला काय म्हणाली असतीस?"

"वर कळवलं असतं," आई म्हणाली.

लेक हसली नाही. तिचे डोळे भरून आले. "एवढा संशय होता तुला माझा?"

आता खोटं बोलणं या बाईला कधी जमलं नव्हतं, आणि आज तर अजिबातच जमणार नव्हतं. ती पायरीवर बसली. पोरगी मोठी झाल्यापासून अंगाला हात लावू देत नव्हती. केस स्वतः विंचरायची, ताप आला तरी कपाळावरचा हात बाजूला सारायची. दिवसातून दोन वेळा, फाटकावर, तेवढी ती हात पसरून समोर उभी राहायची.

"संशय होता," आई म्हणाली. "पण सगळा वेळ काही संशयाचा नव्हता."

नवरा आतून डोकावला होता, तो तसाच परत आत गेला.

लेकीनं डोळे पुसले. मग ती दाराच्या चौकटीत आली, फाटकावर उभी राहायची तशी उभी राहिली आणि दोन्ही हात पसरले. आई उठली. खांदे, बाह्या, पाठ. इथं कॅमेरा नव्हता, मागं रांग नव्हती. तिनं हवा तेवढा वेळ घेतला.

आणि हात सवयीनं लेकीच्या खिशाकडं गेलाच.

"हे काय आहे?"

"चॉकलेटचा कागद आहे, आई."

तिनं तो बाहेर काढला, उलगडून उजेडाकडं धरून बघितला, आणि मगच पोरीला परत जवळ घेतलं.