टेपवरचा भूगोल

डॉक्टरांनी घशात आरसा घालून पाहिलं आणि म्हणाले, "बाई, स्वरतंतूंवर गाठी आल्यात. बोलणं बंद करा."

मी विचारलं, "किती दिवस?"

"आत्ता विचारलंत तेसुद्धा नको होतं."

सत्तरीचं दशक संपत आलं होतं. मी कोल्हापुरातल्या एका मुलींच्या हायस्कुलात भूगोल शिकवत होते. नववीच्या तिन्ही तुकड्या माझ्याकडे. एका वर्गात साठ-साठ मुली, बाहेर रस्ता, आणि माझा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचलाच पाहिजे असा माझा हट्ट. डॉक्टरांनी शेवटी एवढीच सूट दिली: सकाळी थोडा वेळ, हळू आवाजात, काय बोलायचं ते बोला, मग दिवसभर मौन. कुजबुजायचंही नाही, त्यानं घशाला जास्तच ताण पडतो.

रजा शिल्लक नव्हती. घरी मी पाटीवर लिहून बोलायला लागले. सासूबाईंना वाचता येत नव्हतं, त्यामुळे त्यांच्याशी हातवारे. मीठ मागितलं की त्या साखर द्यायच्या. मी चिडून फेऱ्या मारायचे. न बोलता चिडणं किती अवघड असतं ते तेव्हा कळलं. राग आत फिरत राहतो, बाहेर पडायला वाट सापडत नाही.

आमच्या शेजारच्या भाभींचे मिस्टर आखातात कामाला होते. मागच्या खेपेला त्यांनी घरी कॅसेट टेपरेकॉर्डर आणून ठेवला होता. नवरा-बायको पत्रांऐवजी कॅसेटी पाठवायचे. भाभींनी माझे हातवारे पाहिले, पाटी वाचली आणि सरळ टेपच माझ्या हातात दिला.

"न्या की बाई. दिवसा हितं कोण वाजवतंय? रात्री तेवढा परत द्या, मला बोलायचं असतंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघराचं दार लावून माईकजवळ तोंड नेलं आणि स्थानिक वेळ व प्रमाणवेळ हा धडा हळू आवाजात सांगून टाकला. एकदाच बोलायचं आणि तिन्ही तुकड्यांना तेच ऐकवायचं, असा हिशोब.

पहिल्या तुकडीत मुली थक्क झाल्या. बाई टेबलापाशी उभ्या, तोंड मिटलेलं, आणि आवाज मात्र बाईंचाच. पुढच्या बाकांवरच्या मुली एकदा माझ्याकडे बघत, एकदा यंत्राकडे. पण नवलाई ओसरल्यावर मागं चुळबुळ सुरू झाली. एरवी मी बोलता बोलता नुसतं नाव घेतलं असतं आणि ती थांबली असती. टेपला कुणी दिसत नव्हतं. तो आपला पुढं पुढं चालला होता. माझे हात कुठं ठेवावेत ते मला सुचेना. खडू उचल, ठेव, पदर खोच. माझाच आवाज माझ्याशिवाय वर्ग घेत होता आणि वाईट घेत होता.

तिसऱ्या तुकडीत गडमुडशिंगीहून एसटीनं येणारी एक मुलगी होती. आवाज असा, की मैदानाच्या पलीकडून हाक मारली तरी ऐकू यावी. टेपवर मी विचारलं, "समजलं ना?" आणि श्वासही न घेता पुढचं वाक्य सुरू केलं. ती मुलगी उठून टेपला म्हणाली, "न्हाय समजलं."

सगळा वर्ग हसला. टेप बोलतच राहिला. मी पुढं झाले आणि बटण दाबलं.

आता वर्गात कुणाचाच आवाज नव्हता. शब्द माझ्या तोंडापर्यंत आले होते. ओठ उघडले आणि डॉक्टर आठवले.

"मग आता कोण सांगणार?" ती मुलगी म्हणाली.

मी तिच्याकडेच बोट दाखवलं. काय समजलं नाही ते सांग, असं खुणेनं विचारलं. तिनं वेणी मागं टाकली.

"माझी आत्या सोलापूरला असते. ते पूर्वेला. म्हंजे सूर्य तिच्याकडं आधी उगवणार, मग आपल्याकडं. व्हय का न्हाय?"

मी मान हलवली.

"मग तिचं घड्याळ आपल्याम्होरं पाहिजे की. पण आत्या येती तवा घड्याळ जुळतंयच. असं कसं?"

मला टाळी वाजवावीशी वाटली. प्रमाणवेळेचं सगळं मर्म तिनं विचारलं होतं, आणि मला एक अक्षर बोलता येत नव्हतं. मी वर्गाकडे हात पसरला. बराच वेळ कुणी बोललं नाही. ती शांतता माझ्या अंगावर येत होती. पायाचा अंगठा चपलेत आपोआप हलत होता. मग खिडकीजवळची एक मुलगी, एका व्यापाऱ्याची, कधी तोंड न उघडणारी, बसूनच म्हणाली, "गावागावाची वेळ वेगळी धरली, तर रेडिओवर किती वाजले म्हणून सांगायचं?"

"आणि एसटी कुठल्या वेळेला सुटणार?" आणखी कुणीतरी.

"म्हंजे सगळ्यांनी मिळून एकाच गावची वेळ धरायची."

"कुठल्या गावची? कोल्हापूरचीच धरूया की."

मग जो गलका झाला तो ऐकून मुख्याध्यापिका दारात आल्या. "वर्गात बाई नाहीत का?"

"हायत की," गडमुडशिंगीची म्हणाली, "पण गप्प हायत."

शाळा सुटल्यावर त्यांनी मला बोलावलं. "मधल्या सुट्टीत घरी गेलेल्या एका मुलीचे वडील तक्रार करून गेले, पोरींना टेप ऐकायला पाठवतो का म्हणून. टेप लावायचा तर लावा, पण मग तो बंद करून गोंधळ कशाला?" मी पाटीवर लिहिलं, उद्या तुम्ही येऊन बसा. त्यांनी ते वाचलं आणि चष्मा काढून पुसला.

त्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळी मी वेगळ्या तऱ्हेनं बोलले: थोडं सांगायचं, एक प्रश्न विचारायचा, आणि तिथं थांबायचं. थांबलं की बटण बंद करायचं एवढंच वर्गातलं माझं काम.

तिसऱ्या तुकडीच्या तासाला मुख्याध्यापिका आल्या, शेवटच्या बाकावर बसल्या. धडा नीट चालला होता आणि मध्येच यंत्राचे सेल उतरले. माझा आवाज ताणत ताणत एखाद्या म्हाताऱ्या बुवासारखा झाला आणि बंद पडला. मुलींना हसू आवरेना. पण खिडकीजवळची ती मुलगी हसू दाबत उठली, "बाई, पुढचं नकाशावर दाखवू?" असं म्हणून फळ्याशी आली आणि जिची वेळ सगळ्या देशानं धरली ती अलाहाबादजवळून जाणारी उभी रेघ शोधायला लागली. बाकीच्या तिला डावीकडे, उजवीकडे सांगत होत्या. मुख्याध्यापिका तास संपेपर्यंत बसल्या. जाताना एवढंच म्हणाल्या, "सेलचं बिल ऑफिसात द्या."

दिवाळीनंतर घसा सुधारला. आवाज परत आला, थोडा जाड होऊन. भाभींना टेप कायमचा परत केला, आणि शाळेसाठी तसाच एक घ्यावा म्हणून मुख्याध्यापिकांच्या मागे लागले. यथावकाश तो आलाही, पण पुढं बहुतेक वेळ कपाटातच राहिला. स्नेहसंमेलनाच्या गाण्यांना निघायचा. मी भांडून तो महिन्यातून काही तासांसाठी मिळवायचे, किल्ली शोधण्यात निम्मा तास जायचा.

निवृत्त होईपर्यंत शिकवत राहिले. प्रश्न विचारला की थांबायचं, हे ठरवून टाकलं होतं. पण ते मला कधीही सहज जमलं नाही. वर्ग गप्प असायचा, उत्तर माझ्या जिभेवर असायचं, आणि मी टेबलाची कड घट्ट धरून खिडकीबाहेर बघत उभी राहायचे, कुणीतरी बोलेपर्यंत.