कान मोडलेल्या कॅसेटी

गाण्याचे चार शौकीन दर रविवारी एका दुकानात बसायला लागले, की गाणी कमी ऐकली जातात आणि किस्सेच जास्त साचतात! आमचं तसंच झालं. गाणी बरीचशी विसरलो, भांडणं मात्र अजून तोंडपाठ आहेत.

दुकान सलीमभाईंचं, गंगाखेडच्या स्टँडजवळ. रेडिओ दुरुस्ती करायचे आणि रेकॉर्डवरून कॅसेटी भरून द्यायचे. मी एसटीत कंट्रोलर, त्यामुळे ड्यूटी संपली की चार पावलांवर मैफल. तिसरे देशमुखकाका, उसाचे मोठे बागायतदार, आवाज उसापेक्षा उंच. चौथे सोनकांबळे सर, ताडकळसच्या शाळेत मास्तर, बोलणं असं की शेजारच्याने पंखा बंद करावा.

डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी प्रत्येकाने वर्षातली आपली सगळ्यात आवडती कॅसेट आणायची, सगळ्यांनी ऐकायची आणि मतदान करायचं, असा आमचा नियम. जी जिंकेल तिचे कान मोडायचे! कॅसेटच्या पाठीला प्लॅस्टिकचे दोन बारीक तुकडे असतात, ते आमचे कान. ते मोडले की त्या कॅसेटवरचं पुसून दुसरं काही भरता येत नाही. हा मान मिळावा म्हणून आम्ही अक्षरशः हमरीतुमरीवर यायचो.

०

एका वर्षी काकांनी एका गवयाची कॅसेट आणली, सोबत मळ्यावरचा स्वतःचा टेपही. "काय ठेहराव हाय बघा! एकेक सूर कसा मुरवून मुरवून सोडायलाय!"

खरंच, इतकं सावकाश गाणं आम्ही कधी ऐकलं नव्हतं. मी तर डोळेच मिटले. एकमताने निवड झाली, कान मोडले, चहा झाला.

पुढच्या रविवारी काका पडलेल्या चेहऱ्याने आले. "सलीमभाई, टेपात नवे सेल घातले. तर हा गडी घोड्यावानी पळायलाय की हो!"

०

सलीमभाईंकडे गिऱ्हाईक बारा गाण्यांची यादी देऊन जायचं आणि अकराच गाणी घेऊन घरी जायचं. बारावं सलीमभाईंच्या पसंतीचं!

एकदा नवरदेवाचा भाऊ तावातावाने आला. "माझं सातवं गाणं कुठंय?"

"साब, वो बेसूर था. लग्नाच्या घरात बेसूर देत न्हाई मी."

तो पाय आपटत निघून गेला. चार दिवसांनी परत आला. "ते तुमचं सातवं हाय न्हवं, तसली आणखी अकरा भरून द्या."

०

आता माझी फजितीही सांगतो, नाहीतर काका सांगतील. जरा वरच्या दर्जाचं काही न्यावं म्हणून मी परभणीहून शास्त्रीय गाण्याची कंपनीची कॅसेट आणली. ती कशी ऐकावी यावर दहा मिनिटं बोललो. आलाप झाला, तानांवर आलो, घसा सुकला.

सलीमभाईंनी कॅसेट हातात घेऊन उलटसुलट केली आणि अदबीने म्हणाले, "साब, पहले इसकी पन्नी तो निकालो!"

०

सरांचं मात्र निराळं होतं. ते दरवर्षी एकच कॅसेट आणायचे. त्यांच्या वडिलांची. बाबा जुन्या काळातले जलशात गाणारे, गावोगाव भीमगीतं म्हणत फिरलेले. सरांनी घरीच त्यांना भरून ठेवलं होतं.

"सर, ही तर मागच्या सालचीच की!" काका म्हणायचे.

"यंदाबी हीच आवडली," सर म्हणायचे.

आवाज खणखणीत होता, वाद नाही. पण ऐन गाण्यात चुलीजवळून सरांची आई हाक मारायची. काका तिथंच अडायचे. "गाणं एक नंबर! पण ते मधलं वरडणं काढा, मग मत देतो." सर नुसते हसायचे. दरवर्षी त्यांना एकच मत पडायचं, त्यांचं स्वतःचं.

पुढे आई वारल्या. आम्ही तिघं ताडकळसला जाऊन भेटून आलो. पण कॅसेटमधली हाक आणि ती माउली यांची सांगड आमच्या जाड डोक्यात बसली नाही. पुढच्या डिसेंबरात काकांनी तेच ऐकवलं, आणि मीही मान डोलावली. आजही त्याची लाज वाटते.

०

नामांतराचं वातावरण तापलेलं असतानाचा एक डिसेंबर. माझ्याच स्टँडवर एसट्या उभ्या, बाजार बंद, माणसं आपापल्या आळीत. मतदान कसलं होतंय म्हणून मी सलीमभाईंकडे नुसताच बसलो होतो. तेवढ्यात काकांची जीप दारात. मागच्या सीटवर सर, मांडीवर कॅसेट!

"काका, असल्या दिवसात ताडकळसला गेलात?"

"मग? गडी आल्याबगर मतदान कसं करता?"

कॅसेट लावली, ऐकली. काकांनी विरोधात मत दिलं आणि सरांना परत घरी सोडून आले.

०

नामांतर झालं त्या वर्षी सरांबरोबर खुद्द बाबाच आले. ऐंशीच्या घरातले, पांढरंशुभ्र धोतर, हातात काठी. त्यांनी ती कॅसेट कधीच ऐकली नव्हती, गाण्यात कसलातरी गलका आला म्हणून पोराला मत पडत नाही, एवढंच त्यांच्या कानावर आलेलं.

"पुसा ती. पुन्यांदा म्हणतो. अजून गळा हाय माझा."

"बाबा, नव्या कॅसेटवर भरू," सर म्हणाले.

"नवी कशाला? खोट ठेवायची न्हाई. हीच पुसा."

सरांनी चष्मा काढला आणि पुसत बसले. बाबांचा शब्द ते कधीच मोडत नसत.

सलीमभाईंनी माईक जोडला. खोट नेमकी कुठं आहे ते बघायला कॅसेट सुरुवातीपासून लावली. खणखणीत आवाजातलं गाणं दुकानात भरलं. बाबा डोळे मिटून मांडीवर ठेका धरायला लागले. दोन कडवी झाली आणि ती हाक आली.

"आवो, जेवायला चला की! भाकर गार व्हायलीय."

"आलो गं," बाबा मिटल्या डोळ्यांनीच म्हणाले, "एवढं कडवं हुंदे."

ठेका चालूच होता. सलीमभाईंचं बोट बटणावरच राहिलं. गाणं शेवटपर्यंत वाजलं.

मग काका उठले. कॅसेट काढली, टेबलावरचा स्क्रूड्रायव्हर घेतला आणि मतदान न घेता दोन्ही कान मोडून टाकले.

बाबांनी डोळे उघडले. माईक जवळ ओढला, घसा खाकरला. "हं, म्हणू का आता?"

काकांनी त्यांचा हात धरला. "बाबा, आधी माझ्या घरी जेवायला चला."