कोहिमाची मूठभर हाडं

आमची बुढी काही मरत नव्हती. देवकाबाई, माझी सासू. तोंडावर मी तिले आत्याबाई म्हनाची, पाठीमागं बुढी. पवनीत आमचं घर वैनगंगेच्या वाटेवरच. दिवाळीपासून तिनं खाट धरली होती, पेजेचा घोट उतरत नव्हता, पन जीव काही निंघेना. तो अडकला होता तिच्या मोठ्या पोरात, इश्वरमंधी.

इश्वर म्हंजे माझे भासरे, घरधन्याचे मोठे भाऊ. मी त्यायले पाह्यलंबी नाही. इंग्रजाच्या पलटनीत गेले, चव्वेचाळीस साली तिकडं कोहिमाच्या डोंगरात जपानी लोकायसंग लढाई झाली, तिच्यात मेले. पाटलानं तार वाचून दाखवली म्हनतात. देह जाळला का गाडला, त्याचा एक शब्द नाही. तवापासून बुढीचं एकच. पोराची हाडं वैनगंगेत पडली नाहीत, तं त्याले गती नाही. पितरांच्या दिवसात सगळ्यायच्या नावानं पान वाढे, इश्वरच्या नावानं नाही. "तो अजून तिकडंच भटकून राहिला व," म्हने. लग्न होऊन आल्यापासून हेच ऐकून माझे कान किटले. मीबी काही कमी नाही. चिडून म्हनाची, "मंग जा ना कोहिमाले, आना टोपल्यात घालून!"

आणीबाणीचं साल होतं, धान कापून झालं होतं. टेकडीवर बुद्धाचा जुना स्तूप निंघाला, तवा घरधनी तिथं खोदाईवर होते. म्हनून कोनी पाव्हना आला का त्यायलेच बोलावनं येई. एक दिवस दुपारी जेवाले आले अन् सांगू लागले. जपानचा एक मानूस आला, संग नागपूरचा दुभाष्या आहे. गळ्यात पांढऱ्या फडक्यात बांधलेली पेटी. कोहिमाले जाऊन भावाची हाडं वेचून आनली, आता देशी नेऊन राहिला. जाता जाता बुद्धाच्या पायी ठेवाले थांबला.

बुढी खाटेवर उठून बसली. बापा! जिले मी कूस बदलवून देत होती, ती भिंत धरून दारापर्यंत गेली.

"आत्याबाई, डोकं फिरलं का? ज्यायनं तुमचा पोरगा मारला, त्यायच्याच दारी जाता?"

"मारनारा मरून गेला असन. हा तं भाऊ शोधून राहिला. मले ने, कुंता."

बैलाच्या बंडीत तनसाचं अंथरून घालून नेली. दुसरं काय करू? पन आतून माझा जळफळाट होऊन राहिला होता. हरलेला देश बत्तीस वर्षांनं हाडं वेचाले येते, अन् जितले म्हनतात त्यायले आमचा मेलेला आठवतबी नाही! इंग्रजाचं राज गेलं, आपलं आलं, आमच्या दारी कोनी फिरकलं नाही.

टेकडीवर बुढीनं त्या मानसाचे पायच धरले. "इश्वर माझा, तिथंच मेला. मले वाटा दे," म्हने. दुभाष्या गांगरला. मी सगळं समजावून सांगितलं, तवा त्यानं पुढं सांगितलं. जपानी मानूस तिथंच मातीत बसला. पन्नाशीचा असन. हळूहळू बोलत गेला, दुभाष्या हिंदीत सांगत गेला. खंदक एकमेकायले लागून होते, कोनाचं कोन काही समजत नाही. त्याच उतारावर हाडं सापडली. भावाचीच आहेत का, हे त्यालेबी माहीत नाही.

"मंग घरी काय सांगशीन?" बुढीनं विचारलं.

"माय जिवंत आहे, तुमच्याच वयाची. तिले सांगीन, हा भाऊच आहे."

बुढी रडली नाही. म्हने, "मलेबी तसंच सांग."

त्यानं फडकं सोडलं, दोन तुकडे काढले, दोन्ही हातांनं तिच्या ओंजळीत ठेवले अन् तिच्याकडं पाहून आपल्या भाषेत बोलला. दुभाष्यानं सांगितलं, "ये आपका इश्वर है, कह रहे हैं।"

खाली लोक जमले होते. शेजारचा सेवकराम म्हनाला, "दुश्मनाचं हाड वैनगंगेत टाकता काय?" माझं डोकं सनकलं. घरी मीच असं बोलली होती, पन त्याच्या तोंडून ऐकवलं नाही. "तुझ्या घरचा कोन मेला रे तिथं? चूप बस!" म्हटलं अन् बंडी सरळ घाटावर नेली.

पानी थंडगार. कमरेले धरून मी तिले गुडघाभर पान्यात उभी केली. "शिरवा आता, आत्याबाई. सोडा पान्यात."

मूठ उघडेना.

"याच्यासाठीच जीव धरून ठेवला ना? सोडा व माय, सोडा."

ती माझ्याकडं पाहत राहिली. "कुंता, तू तोंडाची फटकळ आहेस, पन खोटी नाहीस. तू सांग. हा इश्वरच आहे ना?"

काय सांगू? मले रडूच कोसळलं. म्हटलं, "हो आत्याबाई. इश्वरच आहे."

तिनं मूठ पदराखाली घेतली अन् छातीशी दाबली.

"इश्वरच आहे, तं मंग इतक्या थंड पान्यात मी याले कशी सोडू व?"