कोणी न मोजलेला तळ

धाकटा भाऊ वारून महिना झाला होता. त्याची हार्ड डिस्क न्यायला त्याच्या कार्यालयातले एक गृहस्थ मलकापूरला, आमच्या घरी येणार होते. डिस्क माझ्याकडे, सांगलीत होती. समुद्राचा तळ कुठे किती खडबडीत असेल, याचा अंदाज भाऊ बांधत असे. खडबडीत तळावर पाणी अडतं, घुसळतं. ते हिशेबात धरलं नाही तर समुद्रप्रवाहांची गणितं चुकतात, एवढं त्याने मला समजावलं होतं.

मी ग्रंथपाल. हातातली वस्तू न पाहता देत नाही. डिस्क उघडली. नकाशावर जहाजांनी मोजलेल्या थोड्या रेघा होत्या, आणि मधला सारा समुद्र त्याने उंचसखल करून टाकला होता. डिस्कसोबतच्या वहीत त्याच्याच अक्षरात लिहिलेलं, ‘इथे कोणी मोजलेलं नाही.’ मग हे डोंगर आले कुठून? त्याने आकडे रचले होते? आणि हे गृहस्थ येत होते ते त्याला उघडं पाडायला, की त्याचं काम आपल्या नावावर करायला?

डिस्क पिशवीत घालून मी मलकापूरला गेले. ते आले. चहा घेताना त्यांची नजर सारखी माझ्या पिशवीकडे जात होती. मी सरळ विचारलं, “यातलं खोटं किती?”

त्यांच्याआधी वडीलच बोलले. “अगं, पाण्याच्या पाळीत शेवटच्या वावराला जादा येळ का देत्यात? पाटात गवत हाय, पाणी अडतंय म्हणून. ते गवत काय फूटपट्टीनं मोजत्यात व्हय?”

“पण अण्णा, अंदाज आहे हे तिथे सगळ्यांना माहीत असतं.”

“मग ह्यानं सांगितलं न्हाई कशावरनं?”

मी डिस्क माझ्या लॅपटॉपला जोडली आणि पाहुण्यांनी तिच्यातली दुसरी फाइल उघडली. प्रत्येक जागेपुढे एक रकाना होता: ‘मोजलेले’ किंवा ‘अंदाज’. मी फक्त नकाशा पाहिला होता.

“शेजारचा मोजलेला तळ पाहून तो अंदाज करायचा,” ते म्हणाले. “तिथे अमुकच डोंगर आहे, असं त्याचं म्हणणं नव्हतं. तिथे सपाट नाही, एवढंच.”

“आणि कामावर नाव कोणाचं लागणार?”

“त्याचंच. पहिलं.”

“तोंडी नगं,” वडील म्हणाले. “लिवून द्या.”

त्यांनी लिहून दिलं, सही केली. मी दोनदा वाचलं आणि डिस्क दिली. त्यांच्यावरचा संशय असा कागदावर मिटला. भावावर घेतलेला कुठे मिटवायचा, ते अजून कळलेलं नाही.