बैल का थांबला

शेवगावच्या आठवडे बाजारात आसाराम मरकडांची सायकल शिरली की भाजीवाल्या बायासुद्धा पाट्या मागं ओढून वाट द्यायच्या. "सरका गं, पासवाले सर आले." ही पदवी कुठल्या विद्यापीठानं दिलेली नव्हती, गावानं दिलेली होती, आणि सर ती टोपीसारखी रोज डोक्यावर घालून फिरत. तालुक्यात ज्याचं पोरगं इंग्रजीत बुडायला आलं, त्याचा बाप सरांच्या अंगणात येऊन बसायचा. अकरावी म्हणजे तेव्हाची मॅट्रिक. मॅट्रिकला इंग्रजीत निघालं तर तलाठी, कंडक्टर, मास्तर; बुडालं तर कोयता घेऊन उसाच्या फडात.

सर स्वतः एकदा बुडालेले होते. पहिल्या खेपेला मॅट्रिकच्या इंग्रजीच्या पेपरात न वाचलेला उतारा आला आणि त्यातलं एक अक्षर कळलं नाही. दुसऱ्या खेपेलाही कळलं नाही, पण घाम पुसता पुसता त्यांना एक गोष्ट दिसली. प्रश्नातला मोठा शब्द उताऱ्यात कुठं ना कुठं बसलेला असतो. तो शोधायचा आणि त्याचं वाक्य फुलस्टॉपपासून फुलस्टॉपपर्यंत उचलून खाली ठेवायचं. पास! हा शोध त्यांचा स्वतःचा. पुढं मास्तर झाल्यावर त्यांनी तोच शिकवला. "शब्द धर, वाक्य उचल," ते छडीनं टेबलावर ताल धरून म्हणत आणि सगळा वर्ग त्यांच्यामागं म्हणे. उताऱ्यात काय घडलं हे कुणी विचारत नसे. परीक्षेला जिथं त्याची गरज नव्हती, तिथं सरांना तरी कशाला असावी?

आणि मग १९७१ च्या जूनमध्ये मनकर्णाबाई शाळेत शिकवायला आल्या.

शिकलेली बाई गावात आली की लोक आधी तिच्या पदराकडं बघतात, मग डिग्रीकडं. आसाराम सरांनी सरळ डिग्रीच बघितली, तेवढं श्रेय त्यांना द्यायला हवं. नगरच्या कॉलेजातली बी. ए., तीही इंग्रजी घेऊन. बाई पाथर्डीकडच्या. आई-बाप दरवर्षी ऊसतोडीला जाणारे. पोरगी बोर्डिंगात राहून शिकलेली. एखाद्या बंगल्यातल्या वकिलाची लेक असती तर सरांना इतकं झोंबलं नसतं. मोठ्यांच्या घरची ती, तिला मिळणारच, असं म्हणून माणूस गप बसतो. पण आपल्यासारखाच फुफाटा तुडवून आलेलं कुणी दोन पायऱ्या वर उभं दिसलं की सहन होत नाही.

दहावीच्या दोन तुकड्या होत्या. 'अ' सरांकडं, 'ब' बाईंकडं. 'ब'मध्ये दसरा उलटला की आई-बापांबरोबर फडावर जाणारी पोरं जास्त. मास्तरची पोरगी बापाच्या वर्गात नको, या शाळेच्या नियमानं सरांची चांगुणाही तिकडंच बसायची. मधली भिंत कुडाची. बाई उतारा वाचायला लावत आणि मग म्हणत, "पुस्तकं मिटा. आता सांगा, काय घडलं?" झालं! पलीकडं मासळीबाजार. कुणी म्हणे म्हातारा लबाड होता, कुणी म्हणे न्हाई बाई, त्यो भ्याला हुता. हसणं, भांडणं. सरांच्या वर्गात मात्र मुंगी चालली तर ऐकू यावी. सर छडी आपटत आणि कान भिंतीला.

घरी तर त्याहून कठीण. चुलीपुढं बसून चांगुणा आईला उताऱ्यातल्या गोष्टी सांगायची. कडूबाईला स्वतःचं नावही लिहिता येत नव्हतं, पण तिचे हात भाकरीवर थांबायचे. "मग? पुढं काय झालं गं?"

इतक्या वर्षांत कडूबाईनं सरांना कधी विचारलं नव्हतं, पुढं काय झालं. पगार झाला का, एवढं विचारायची.

पोळा झाला आणि हेडमास्तर काकासाहेबांनी विषय काढला. पुढल्या जूनपासून अकरावीचं इंग्रजी एकाच हाती द्यायचं. सरांच्या हातात आजवर तेच तर होतं! त्यांची टोपी, बाजारातली वाट, अंगणातली गर्दी, सगळं त्या एका वर्गावर उभं.

"अकरावी माझी आहे," सर उसळले. "काढून घ्यायची तर तोंडावर सांगा."

"काढतोय कोण? दोन्ही तुकड्यांची एक चाचणी घेऊ," काकासाहेब म्हणाले. "न वाचलेला उतारा. ज्याच्या पोरांना जास्त कळेल, त्याची अकरावी."

बाई शांतपणे म्हणाल्या, "उतारा सरांनी द्यावा. ते मोठे आहेत. प्रश्न मी काढते."

उदार झाली मोठी, सर मनात म्हणाले. पण तोंडानं म्हणाले, "चालेल."

आता सर काही बावळट नव्हते. भिंतीला कान लावून लावून त्यांनी बाईंच्या पोरांचं वर्म ओळखलं होतं. ती पोरं कागदावरचं कमी आणि घरचं जास्त सांगत. मागं एका उताऱ्यात शेळी मेली तेव्हा 'ब'मधल्या पोरानं सांगितलं होतं, ओला चारा खाल्ला म्हणून. उताऱ्यात चाऱ्याचं नावही नव्हतं. शेळी दरीत पडली होती. बाईंनी त्याला पुन्हा वाचायला लावलं, पण सरांनी ते टिपून ठेवलं. या पोरांना त्यांच्या अंगणातलीच गोष्ट द्यायची आणि ती उलटी फिरवायची. आपसूक खड्ड्यात पडतील.

असा उतारा छापील पुस्तकात कुठला सापडायला? सर तो स्वतः लिहायला बसले. आयुष्यात त्यांनी इंग्रजीचं एक वाक्य स्वतःचं असं लिहिलं नव्हतं. सगळी उचललेली. एक रविवार त्यांनी लिंबाखाली बसून लिहिलं, खोडलं, कुणी जवळ आलं की खेकसले.

लिहिलं ते असं. एका गावात पोळ्याला वेशीतल्या तोरणाखालून पाटलाचा म्हातारा बैल पहिला जायचा. सालोसाल त्याचा मान. यंदा पाटलानं बाजारातून एक तरणा बैल आणला. त्याची शिंगं आधी रंगवली, नवी झूल त्याच्यावर टाकली आणि मिरवणुकीत त्याला पुढं काढलं. म्हातारा मागून चालत होता. लिंबाच्या झाडाखाली तो थांबला. ओढला, चुचकारला, हलला नाही. आणि इथं सरांनी सापळा लावला. बैलाचे खूर चांगले होते. सकाळी पुरणपोळी खाल्ली होती. पाणी प्याला होता. पाठीवर मारलेलं नव्हतं. वैद्यानं बघून सांगितलं, काही आजार नाही.

आता सांगा म्हणावं, बाईच्या पोरांनो. खूर दुखतो म्हणाल, आजारी म्हणाल, आणि मराल.

बाईंनी तो कागद उभ्या उभ्या वाचला, मग खुर्ची ओढून बसून पुन्हा वाचला. "सर, तुम्ही लिहिलाय?"

"मग काय नगरहून मागवला?"

"फार चांगला आहे."

त्या तोंडदेखलं बोलत नव्हत्या, हे सरांना दिसलं, आणि त्यानं तर ते आणखीच पेटले. ही कोण आपल्याला चांगलं म्हणणार?

बाईंनी साधेसाधे प्रश्न काढले. बैल कुणाचा, झूल कुणावर, वैद्य काय म्हणाला. शेवटचा मात्र वेगळा होता: म्हातारा बैल का थांबला?

"हा प्रश्न काढून टाका," सर म्हणाले. "उताऱ्यात कारण दिलेलं नाही."

"नाही दिलेलं. पण का थांबला? तुम्हीच लिहिलंय ना सर?"

"थांबला म्हणून थांबला! बैल आहे तो, त्याला काय कारण लागतं?"

काकासाहेबांनी हात वर केला. "राहू द्या प्रश्न. उताऱ्याचा आधार धरून जो कारण देईल त्याला मार्क."

चाचणी झाली. काकासाहेबांनी स्वतःच्या हातानं दोन्ही वर्गांच्या फळ्यांवर उतारा लिहिला. कुणी लिहिला हे पोरांना सांगितलं नाही. पेपर अदलाबदल करून तपासायचे ठरले. 'ब'चा गठ्ठा सरांकडं आला. तपासता तपासता त्यांच्या मिशा हलायला लागल्या. सापळा बसला होता. शेवटच्या प्रश्नाला एकानं लिहिलं, खुरात काटा. दुसऱ्यानं, लाळ्या रोग. एका पोरीनं बिचारीनं बैलाला उपाशी ठेवलं होतं. सर फुलीवर फुली मारत सुटले. पलीकडं बाईही तपासत होत्या, आणि 'अ'च्या एकेका पेपरावर सगळ्यांचं एकच उत्तर होतं: म्हातारा बैल लिंबाच्या झाडाखाली थांबला. 'थांबला' हा शब्द धरून ते वाक्य अख्ख्या वर्गानं उचललं होतं. बाई काही बोलल्या नाहीत. सरांना वाटलं, बोलली असती तर बरं झालं असतं. भांडता तरी आलं असतं.

गठ्ठ्याच्या तळाशी एक ओळखीचं अक्षर निघालं. डावीकडं कललेलं. चांगुणा.

इंग्रजी मोडकं होतं. क्रियापदं लंगडत होती. पण लिहिलं होतं ते एवढं: बैल आजारी नव्हता. उपाशी नव्हता. पूर्वी तो पहिला जायचा. आता त्याच्यापुढं नवा बैल चालला होता. ते त्याला बघवलं नाही.

सरांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. त्यांनी लाल पेन उचललं, ठेवलं, आणि तो पेपर तसाच गठ्ठ्यात बांधून घरी निघाले.

संध्याकाळी ताटावर बसले तर चुलीपुढं तेच चाललेलं.

"बाईंनी एक उतारा दिल्ता आई. लई भारी," चांगुणा सांगत होती. म्हातारा बैल, तरणा बैल, झूल, तोरण, सगळं. कडूबाईची भाकरी तव्यावर करपली तरी तिचं ध्यान नव्हतं.

"अगं आई गं! आन् मग?"

"मग काय. लिंबाखाली थांबला. हलंच ना."

"कशी गं ती बाई लिहिती," कडूबाई म्हणाली. "जनावराच्या काळजातलं लिहिती. शिक हो तिच्याकडून."

सरांनी हातातला घास ताटात टाकला. आपल्या घरात, आपल्या चुलीपुढं, आपली बायको आपल्याच गोष्टीला भुलली आणि मान जातोय कुणाला!

"त्यो माझा हाय!" ते ओरडले. ताटातलं कालवण हिंदकळलं. "उतारा मी लिव्हलाय. मी! त्या बाईनं न्हाई."

दोघी बघतच राहिल्या. कडूबाईनं पदर तोंडाला लावला. हसते का काय करते ते कळेना.

"तुमी? गोष्ट?"

"व्हय. गोष्ट."

"मग सांगा की," ती म्हणाली. "बैल का थांबला?"

सर भाकरीचा तुकडा मोडत राहिले. चांगुणा बापाच्या तोंडाकडं बघत होती.

"राहू द्या," कडूबाई म्हणाली आणि तव्यावरची दुसरी, न करपलेली भाकरी त्यांच्या ताटात टाकली. "मला ठावं हाय."

दुसऱ्या दिवशी काकासाहेबांनी दोन्ही गठ्ठे पुढं घेतले. "बाकी सगळं उन्नीस-बीस. शेवटच्या प्रश्नावरच ठरायचं. बाई, 'अ'मध्ये कुणाला कारण सापडलं?"

"नाही सर."

"आसाराम, 'ब'मध्ये?"

नुसतं एक 'नाही' म्हणायचं होतं. गठ्ठा बांधलेला होता, तो कुणी सोडून बघणार नव्हतं. बरोबरी झाली असती आणि जुना म्हणून वर्ग सरांकडंच राहिला असता. पण 'नाही' म्हणायचं म्हणजे आपण लिहिलेली गोष्ट आपल्यालाच कळली नाही म्हणायचं. कडूबाईला कळली, पोरीला कळली, आणि ही बी. ए. तर पहिल्या वाचनातच समजून बसली होती. तिच्यासमोर ढ ठरायचं? मरकडांच्या सात पिढ्यांत कुणी एवढी हार खाल्ली नव्हती.

सरांनी दोरा तोडला, तळचा पेपर ओढला आणि टेबलावर आपटला. "सापडलंय. एकीला."

काकासाहेबांनी वाचलं. "अरे, ही तर तुझीच... पण आसाराम, हे उताऱ्यात कुठल्या ओळीत आहे?"

"ओळीत नाही."

"मग?"

"उताऱ्यात आहे!" सर खेकसले. "लिहिणारा मी की तुम्ही? मला ठाऊक आहे बैल का थांबला. मार्क द्या."

लाल पेन घेऊन त्यांनी बरोबरची खूण अशी ओढली की कागद फाटला. बाई खाली मान घालून बसल्या होत्या. बोलल्या एवढंच, "सर, अकरावीलाही उतारे तुम्हीच लिहून द्या. मला असं लिहिता येत नाही."

"बघू," सर म्हणाले आणि टोपी सारखी करून बाहेर पडले.

पुढल्या जूनपासून अकरावी बाईंकडं गेली. फडावरून परतलेली पोरं चाचपडत, भांडत तिथं बसू लागली. बाजारात सरांना वाट अजून मिळायची, पण 'पासवाले' म्हणणारे कमी झाले, आणि अंगणात येणारे बाप आता दुसऱ्या अंगणात जात. सरांचा जळफळाट काही कमी झाला नाही. त्यांनी दहावीला एकदा पुस्तकं मिटवायला लावून विचारलं, काय घडलं? सगळा वर्ग दगडासारखा गप. मागच्या बाकावरचा एक जण मांडीवर हळूच पुस्तक उघडून शब्द शोधत होता. सरांनी त्याला झोडपला. नंतर स्वतःवरच चिडले, कारण शोधायला शिकवलं होतं कुणी?

रविवारी मात्र ते लिंबाखाली बसत. मांडीवर पाटी, पाटीवर कागद. यंदाचा उतारा असा लिहायचा की बाईच्या अकरावीला उकलता येणार नाही, आणि बाईला तर नाहीच नाही. शब्द खोडत, मिशी चावत, एकेक ओळ रचत. अकरावीत गेलेली चांगुणा पाण्याची कळशी घेऊन जाता जाता वाकली.

"नाना, पुढं काय झालं?"

सरांनी झटकन कागदावर हात ठेवला.

"जा तिकडं. वर्गात वाच. तवा कळंल."