आधी ट्यूब, मग माणूस

आमच्या घरमालकांनी, म्हणजे नानांनी, आयुष्यात एकाही माणसाच्या तोंडाकडे आधी पाहिलेलं नाही. कुठेही शिरले की पहिली नजर छताकडे. तिथे काय लावलंय, कुठे लावलंय, त्याचा उजेड कुणाच्या डोळ्यात घुसतोय, हे सगळं बघून घ्यायचं, मनातल्या मनात नाराज व्हायचं, आणि मग मान खाली घेऊन "बरं हाय ना?" असं विचारायचं, ही त्यांची रीत. लग्नाच्या मांडवात गेले तरी तेच, आजारी माणसाला भेटायला गेले तरी तेच. उभी हयात त्यांनी एका साखर कारखान्यात वायरमन म्हणून काढली. कामातून मोकळी झालेली माणसं शेतात लक्ष घालतात, नाहीतर पारावर बसून दुसऱ्याच्या शेतात लक्ष घालतात. नानांनी गावच्या उजेडाची जबाबदारी घेतली. ती त्यांना कुणी दिलेली नव्हती, त्यामुळे कुणाला काढूनही घेता येत नव्हती.

नाना पुतण्यासाठी मुलगी बघायला गेले होते तेव्हाची गोष्ट त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकू, अजून सांगतात. मुलगी पोहे घेऊन आली, खाली मान घालून बसली. तिच्या बरोबर डोक्यावर एक उघडा बल्ब लोंबत होता. पुतण्याच्या आईचं तोंड उतरलं, मुलगी डोळ्यांखाली काळी दिसत होती, आजारी असावी असं तिला वाटलं. नाना उठले, मुलीच्या वडिलांना म्हणाले, "पाव्हनं, पोरीला जरा खिडकीच्या अंगाला बसवा. खोट पोरीत न्हाई, बल्बात हाय." मुलगी खिडकीजवळ बसली आणि लग्न जमलं. त्या सुनेला पुढे दोन मुलं झाली, तरी ती नानांना भेटली की आधी खिडकीकडे तोंड करून उभी राहते आणि मग पाया पडते.

हे सगळं दुसऱ्या कुठल्या गावात खपलं असतं का, मला शंका आहे. पण नानांचं गाव शनिशिंगणापूर. तिथल्या जुन्या घरांना चौकट असते, दार नसतं. पडदा असतो, आणि कुत्रं शिरू नये म्हणून खाली एक फळी टेकवलेली असते. अशा गावात नानांसारख्या माणसाला मोकळं रान. गावात चोरी होत नाही हे जगाला माहीत आहे, पण चार दिवसांनी घरी यावं तर ट्यूब दुसऱ्याच भिंतीवर निघते, हे फक्त आमच्या आळीला माहीत. शेजारचे गुरुजी पुण्याला लेकीकडे जाऊन आले आणि तसेच पिशवीसकट आमच्या अंगणात. "नाना, माझी ट्यूब कुठंय?"

"हाय की घरातच. तुमच्या पाठीमागं घेतली, डाव्या अंगाला."

"मी सांगितलं होतं का?"

"सांगायचं काय त्यात? तुमी तिच्याकडं तोंड करून वाचत बसायचा. गाडीच्या हेडलाईटीपुढं बसून कुनी वाचतं का, गुरुजी?"

गुरुजी रागाने गेले. त्या दिवशी आले नाहीत, दुसऱ्या दिवशी आले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांच्याकडून मेथीची जुडी आली. नानांनी ती काकूंच्या हातात दिली आणि म्हणाले, "वाचायला लागलं म्हनायचं मास्तर."

मी राहायला आल्यावर माझ्या खोलीत मात्र नाना कितीतरी महिने आले नाहीत. अंगणाच्या पलीकडची ती खोली आम्ही भाड्याने घेतली होती. नवरा शिर्डी-शिंगणापूर भाविकांची गाडी चालवायचा, सकाळी जायचा तो अंधार पडल्यावर यायचा. मी वाशिमकडची. सहावीत शाळा सोडली ती आईच्या डोळ्यांपायी. तिला चाळिशीच्या आतच दिसेनासं झालं, घरातलं सगळं माझ्याकडे आलं. लग्न होऊन एवढ्या लांब येईन असं कधी वाटलं नव्हतं. खोली बघितली, आवडली, आणि मी विचारलं, "दार?" काकू हसल्या. नाना छताकडे बघत राहिले. पहिले आठ दिवस मी चौकटीत लोखंडी पेटी आडवी लावून बसले. मग बाजारातून एक जाड, गडद तपकिरी पडदा आणला, वरून खालून घट्ट बांधला, आणि त्याच्याआड माझा संसार सुरू केला. नाना मला नावाने हाक मारत नसत. गावावरूनच हाक. "ए वाशिम, चहा घे," असं अंगणातूनच म्हणायचे, आणि कप ओट्यावर ठेवून निघून जायचे. मला वाटायचं, भाडेकरीण आहे, हिच्याकडे कशाला लक्ष देतील.

काम मला शिलाईचं मिळालं. पूजेच्या ताटात तेल, रुईची माळ यांच्यासोबत काळं वस्त्र लागतं. एक ताई ती वस्त्रं बायकांकडून घरोघर शिवून घेऊन दुकानांना पुरवायच्या. मशीन त्यांनीच दिलं. काळं कापड, काळा दोरा, चारी बाजूंनी बारीक दुमड घालून टीप मारायची. ऐकायला सोपं आहे. काळ्यावर काळं शिवून बघा म्हणजे कळेल. म्हणून मी हौसेने, आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या पसंतीने, एक ट्यूब आणली. दुकानात सगळ्यात लखलखीत जी होती ती. आणि जास्त दिसावं म्हणून मशीनच्या समोरच्या भिंतीवर, माझ्या कपाळाच्या उंचीला, खिळा ठोकून लावली. बटण दाबलं की खोली निळसर पांढरी व्हायची. मला वाटलं, झालं काम.

दोन-तीन महिन्यांत डोळ्यांतून पाणी यायला लागलं. दुपारपर्यंत कपाळ ठणकायचं. सुई दिसायची तर टीप दिसायची नाही. मी शेजारी अजून एक बल्ब लावला, तसं जास्तच दुखायला लागलं. खोटं कशाला बोलू, मी कुणाला सांगितलं नाही. मला आत कुठेतरी पक्कं माहीत होतं की आईचंच माझ्याकडे आलंय. डॉक्टरकडे गेले तर तो तेच सांगेल, आणि ताईंना कळलं तर मशीन जाईल. परक्या गावात आपल्या हाताला काम आहे, एवढाच मला आधार होता.

मग ती सकाळ आली. ताई अंगणात आल्या, गठ्ठा ओट्यावर टाकला, सोडला. "बाई, हे काय केलंस?" मी ओट्याच्या सावलीत बघितलं तर मला काही चुकलेलं दिसलंच नाही. त्यांनी एक वस्त्र उचलून उन्हात धरलं. काळ्या कापडावर चारी बाजूंनी गडद निळ्या दोऱ्याची टीप. एक नाही, आख्खा गठ्ठा. मी निळं रीळ काळं समजून भरलं होतं.

नाना ओट्यावर कांदे निवडत बसले होते. म्हणाले, "शनिदेवाला निळं चालतंय, ताई."

"देवाला चालतंय नाना, दुकानदाराला चालत न्हाई," ताई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. वाईट बाई नव्हती ती, पण तिलाही पुढे माल द्यायचा होता. "शनिअमावस्या पंधरा दिवसांवर आलीय. हे सगळं उसवून, परत शिवून दे. न्हाई जमलं तर सांग, मशीन दुसऱ्या बाईकडं देते."

माझ्या तोंडून आपसूक माझ्या गावची बोली निघाली. "मले दिसत नाही, ताई." आणि मग रडू आलं ते आवरेना.

नाना उठले. खिशातून दोन रिळं काढली. एक काळं, एक गडद निळं. ही दोन रिळं त्यांच्या खिशात कायम असायची. उजेड खरा रंग दाखवतो की नाही, हे ते त्यांवरून तपासत. मला उन्हात उभं केलं. "काळं कंचं?" मी लगेच बोट ठेवलं. "बराबर. आता हितंच ऱ्हा." ते माझ्या खोलीच्या पडद्यापर्यंत गेले आणि तिथेच थांबले. चौकटीच्या बाहेर, पाठमोरे. गावातल्या कुठल्याही घरात, बाया भाकरी थापत असतानाही शिरणारा माणूस माझ्या पडद्याला हातसुद्धा लावेना. तिथूनच म्हणाले, "तुजी ट्यूब समोरच्या भिंतीला हाय. उघडी हाय. निळी हाय. सहा महिने पडद्याच्या कडंनं भाईर येनारा उजेड बघतोय मी. जेवन जात न्हाई मला."

"मग सांगायचं नाही का?" मी म्हणाले.

उत्तर काकूंनी दिलं. "तू आलीस त्या दिवशी पेटी लावून बसली हुतीस ना चौकटीत. तवाच यांनी घरात सगळ्यांना सांगितलं, पोरगी भ्यालीय, तिनं बोलवल्याबिगर पडद्याच्या आत कुनी पाऊल ठेवायचं न्हाई. सोताला बी धरून."

मी गेले आणि पडद्याच्या गाठी सोडल्या. फार घट्ट मारल्या होत्या, वेळ लागला. पडदा बाजूला केला आणि म्हणाले, "या, नाना." नानांनी पायातल्या चपला काढल्या, डोक्यावरची टोपी नीट केली, काकूंना पुढे घातलं, आणि मग आत आले. आत येऊन छताकडे बघितलं नाही. तेवढ्या एका वेळी नाही. आधी माझ्याकडे बघून म्हणाले, "बरं हाय ना?"

मग मात्र त्यांना कुणी आवरू शकलं नसतं. माझ्या स्टुलावर बसले. मशीनवर सुईच्या जागी काकूंचा छोटा आरसा आडवा ठेवला आणि मला बसवून विचारलं, काय दिसतं. मला आरशात माझी ट्यूब दिसली, लखलखीत. "आरशात दिवा दिसला की समज, त्यो कामावर न्हाई पडत, तुज्या डोळ्यात पडतोय." मग पेन्सिल उभी धरली. तिची सावली कागदावर काळीकुट्ट, काठ धारदार. "हीच सावली तुजा हात पाडतोय टिपेवर. उजेड कमी न्हाई तुला. एकाच जागेवनं येतोय." ताई दारातून, म्हणजे चौकटीतून, बघत होत्या. त्या म्हणाल्या, "नाना, माझ्याकडं अजून चार बायका शिवतात." नाना म्हणाले, "ठावं हाय. त्यातल्या दोघींच्या ट्यूबा मी हलवल्यात."

दुसऱ्याच दिवशी नाना, काकू आणि मी तालुक्याला, नेवाशाला गेलो. दुकानदाराने नानांना रस्ता ओलांडतानाच बघितलं आणि तोंड दुसरीकडे केलं. "नाना, माल घ्यायला आला का तपासणीला?" "दोन्ही एकच असतंय," नाना म्हणाले आणि सहा ट्यूबा पेटवायला लावल्या. दुकानदार वॅट सांगत होता. नाना म्हणाले, "त्ये ती वीज खाती किती त्ये झालं. उजेड देती किती?" मग एकेकीवर मोबाईलचा कॅमेरा धरला. दोघींवर काळे पट्टे सरकताना दिसले. "ह्या थरथरतात. डोळ्याला कळत न्हाई, कपाळाला कळतं." त्या बाद. एक पिवळी, एक निळसर, त्याही बाद. उरलेल्या दोघींखाली त्यांनी मला रिळं ओळखायला लावली. दुकानात गिऱ्हाईकं खोळंबली होती आणि मी काळं-निळं, काळं-निळं करत बसले होते. शेवटी जी निवडली ती दुधी झाकणाची होती, आतला दिवा कुठे आहे ते कळूच नये अशी, आणि सकाळी नऊच्या उन्हाच्या रंगाची. दुकानदार म्हणाला, "यापेक्षा झगझगीत आहे माझ्याकडे." नाना म्हणाले, "झगझगीत तुज्या पाटीला लाव."

येताना त्यांनी मला डोळ्यांच्या डॉक्टरांकडेही नेलं. "ट्यूब माजं काम, डोळं त्यांचं," म्हणाले. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की डोळ्यांत काही दोष नाही, थकलेत फक्त. माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. आणि नाना डॉक्टरांना म्हणाले, "सायब, तुमच्या टेबलावरचा दिवा जरा मागं घ्या."

तसल्या दोन ट्यूबा माझ्या खोलीत लागल्या. समोर एकही नाही. एक डावीकडे, एक उजवीकडे, उंच, मी बघते त्या दिशेने लांब पसरलेल्या. छताला आणि भिंतींना नानांनी स्वतः चुना मारला, म्हणजे उजेड त्यांच्यावरून परतून येईल. माझा गडद पडदा काकूंनी काढला आणि फिक्या रंगाचा लावला. पहिल्यांदा बटण दाबलं तेव्हा मी जरा नाराजच झाले. काही लखलखलंच नाही. खोली नुसती दिसत होती. मग मी मशीनवर बसले, काळं कापड घेतलं, आणि मला कापडाची वीण दिसली. हाताची सावली नव्हती. पेन्सिल धरून बघितली, कागदावर नुसती धूसर रेघ. शनिअमावस्येच्या तीन दिवस आधी सगळा गठ्ठा उसवून, शिवून झाला. ताईंनी एक वस्त्र उन्हात नेऊन बघितलं आणि पुढचा गठ्ठा ओट्यावर ठेवला. नाना ओट्यावरच होते. ते गठ्ठ्याकडे बघत नव्हते, माझ्या चौकटीतून येणाऱ्या उजेडाकडे बघत होते. म्हणाले, "आज जेवन जाईल."

आता आम्ही शिर्डीत राहतो. नवऱ्याला तिथे एका हॉटेलात कायमचं काम मिळालं. मशीन आता माझं स्वतःचं आहे, आणि दोन्ही ट्यूबा मी निघताना काढून आणल्या, नानांनीच कागदात गुंडाळून दिल्या. परवा काकूंचा फोन आला होता. नानांना मोतीबिंदू झालाय. प्रत्येक दिव्याभोवती त्यांना कडं दिसतं, आणि त्यांचं म्हणणं, गावातल्या सगळ्या ट्यूबा एकदम बिघडल्या. डॉक्टरकडे जायला तयार नाहीत. मी काकूंना म्हटलं, मी रविवारी येते, मी नेते त्यांना, दोन रिळं घेऊन येते.

आमच्या इथल्या खोलीला दार आहे. दोन कड्या आहेत, वर एक साखळी. सुरुवातीला मला त्याचं फार बरं वाटलं होतं. आता बाजारातून आले, कुलूप काढलं, की मी आधी वर बघते. ट्यूबा असतात तिथेच असतात. कुणी हलवलेल्या नसतात.